कॉलेजकडे पैशाआधी वेळ मागा

प्रश्न असा आहे: "मी नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात केमिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी आणि माझी मैत्रीण संत्र्याच्या सालीच्या तेलापासून फरशी पुसायचं लिक्विड बनवतोय. कॉलेजात इनोव्हेशन कौन्सिल आहे, ई-सेल (उद्योजकता कक्ष) आहे, इन्क्युबेशन सेंटरची (नवे उद्योग वाढवायच्या केंद्राची) पाटीही आहे. पण सीनियर म्हणतात, तिथे फक्त सेमिनार आणि फोटो. विद्यापीठं धंदा खरंच शिकवू शकतात का? आम्ही नेमकी कोणती मदत मागायची? घरचे म्हणतात, आधी प्लेसमेंट."

सीनियर अर्धं खरं सांगतात. फोटो काढले जातात आणि त्यामागे कारणही आहे. केंद्राच्या शिक्षण खात्याने २०१८ पासून कॉलेजांमध्ये इनोव्हेशन कौन्सिलं उभी केली. वर्षभराच्या कार्यक्रमांचं कॅलेंडर वरून येतं. कार्यक्रम झाला की अहवाल आणि फोटो पोर्टलवर चढवायचे, त्यावर कॉलेजला तारे मिळतात. हे काम ज्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडतं त्याची लेक्चरं, प्रॅक्टिकलं, पेपर तपासणी काही कमी होत नाही. मग तो बिचारा जे लवकर उरकेल ते करतो: पाहुणा बोलावतो, दीपप्रज्वलन, दोन तासांचं भाषण, चहा, ग्रुप फोटो. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तोच माणूस तुमच्या सगळ्यात जास्त उपयोगाचा आहे, फक्त त्याच्याकडे काय मागायचं ते कळलं पाहिजे.

माझी स्वतःची उमेदीची वर्षं हिंगणा एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बनवण्यात गेली. अलीकडे बऱ्याच काळापासून इथल्या कॉलेजांच्या इन्क्युबेशन सेंटरांत मी मार्गदर्शक म्हणून बसतो. मुलं येतात ती जवळजवळ नेहमी एकच गोष्ट मागत येतात: फंडिंग. कॉलेजकडे ते फारसं नसतं, आणि असलं तरी पहिल्या वर्षात त्याची खरी गरज पडत नाही. कॉलेजकडे भरपूर असलेली आणि बाहेर कुठे विकत न मिळणारी गोष्ट म्हणजे तुमचा वेळ. हजेरी, प्रोजेक्ट, परीक्षा, इंटर्नशिप यांच्या रूपाने तुमचा दिवस त्यांच्या ताब्यात आहे. त्यातला काही भाग त्यांनी रीतसर, लेखी, क्रेडिटसकट तुम्हाला परत दिला तर ती लाखभर रुपयांच्या बक्षिसापेक्षा मोठी मदत आहे.

आता शिकवण्याचं. धंदा शिकवता येतो का हा वाद जुना आहे. हार्वर्डमध्ये १९४७ साली नवा उद्योग उभारण्याचा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हापासून हा वाद चालूच आहे. आपल्याकडच्या बहुतेक सिलॅबसमध्ये हा विषय म्हणजे उद्योजकाची व्याख्या, उद्योजकाचे गुण, प्रोजेक्ट रिपोर्टचे घटक आणि पाच मार्कांची टीप. हे पाठ करून पास होता येतं, त्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. पण नुसतं 'करून बघा' म्हटल्यानेही जादू होत नाही. नेदरलँड्समधल्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांना छोटी कंपनी चालवायला लावणारा कार्यक्रम होता. त्याचा परिणाम मोजणारा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या कौशल्यांत दखल घेण्यासारखा फरक पडला नव्हता आणि धंदा करायची इच्छा उलट कमी झाली होती. मला विचाराल तर त्यात वाईट काही नाही. हे आपलं काम नव्हे, हे एखाद्याला विशीत, बापाचं घर गहाण न टाकता कळलं तर कॉलेजने त्याच्यावर उपकारच केले.

दुसरा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. टोगो देशात लोमे शहरातल्या सुमारे १,५०० छोट्या व्यावसायिकांवर एक प्रयोग झाला, २०१७ मध्ये तो 'सायन्स' नियतकालिकात आला. काही जणांना हिशेब, मार्केटिंग, मनुष्यबळ असं नेहमीचं शिक्षण दिलं. काही जणांना पुढाकार कसा घ्यायचा, संधी कशी हुडकायची, अडथळा आला तर दुसरी वाट कशी काढायची याचा सराव दिला. दुसऱ्या गटाचा नफा सरासरी ३० टक्के वाढला. पहिल्या गटात ठामपणे सांगावा असा फरक दिसला नाही. ते विद्यार्थी नव्हते, दुकानं चालवणारी माणसं होती, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा आपल्या वर्गाला लावू नका. पण माझ्या पाहण्यात जे येतं ते याच्याशी जुळतं. चांगला शिक्षक इथे फळ्यावर कमी आणि दारात जास्त उभा असतो, मुलांना बाहेर हाकलायला. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ मध्ये आय-कॉर्प्स म्हणून कार्यक्रम सुरू केला. त्यात प्रयोगशाळेतल्या संशोधकांना काही आठवड्यांत शंभरेक संभाव्य गिऱ्हाइकांशी बोलायला लावतात. आपल्या कॉलेजात एवढं एक जरी केलं, तरी वर्षभराच्या सेमिनारांपेक्षा जास्त पदरात पडेल.

हे कसं घडतं ते एका गटाच्या उदाहरणाने सांगतो. इलेक्ट्रॉनिक्सची चार मुलं, इथलीच. त्यांनी कूलरसाठी एक छोटी डबी बनवली होती. टाकीतलं पाणी संपलं की पंप बंद करायचा, करंट लीक व्हायला लागला की सप्लाय तोडायचा. नागपूरकराला याचं महत्त्व सांगायला नको. दर उन्हाळ्यात पंप कोरडे फिरून जळतात, आणि कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्याही विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. कल्पना चांगली, सर्किट नीट, सोबत मोबाइल अ‍ॅप. स्पर्धांमध्ये बक्षिसं मिळाली, तो थर्माकोलचा मोठा चेक घेऊन फोटोही झाले. स्पर्धेत परीक्षकांनी विचारलं, बाजारपेठ किती मोठी? मुलांनी विदर्भातल्या घरांची संख्या गुणिले किंमत करून आकडा सांगितला. टाळ्या पडल्या.

मी त्यांना म्हटलं, आता ही डबी कूलर दुरुस्त करणाऱ्यांकडे घेऊन जा, कारण तुमच्या प्लॅनमध्ये विकणार तेच आहेत. मुलं गेली. पहिल्याच मेकॅनिकने डबी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "चांगली आहे न बाप्पा. पण पंप जळला त मले बोलावतेत, नवा पंप बसवतो, दोन पैसे भेटतेत. हे लावली त माहा पंप कोन घेईन?" संपलं. ज्याच्या भरवशावर विक्री उभी केली होती, त्याच्याच पोटावर ती डबी पाय देत होती. हे धंद्याचा आराखडा मांडायच्या कुठल्याही 'बिझनेस मॉडेल कॅनव्हास'च्या चौकोनात दिसलं नव्हतं.

दोन दिवस तोंडं पाडून बसली. मग त्यांच्यातल्या एकीला सुचलं, पंप जळल्याचा खर्च घरमालकाला वर्षातून एकदा टोचतो, पण रोज कोणाला टोचतो? कूलर किरायाने देणाऱ्यांना. रूम करून राहणारे विद्यार्थी, नोकरीवाले, लग्नाचे हॉल यांना सीझनभर कूलर किरायाने देणारे लोक आपल्याकडे आहेत, आणि पंप गेला की तो भुर्दंड त्यांच्याच डोक्यावर. अशा एका मालकाकडे मुलं गेली. त्याने अ‍ॅपकडे बघितलंही नाही. पहिला प्रश्न: "टाकीत पडलं त चालते का?" दुसरा: "पोट्टे काढून नेतीन, त्याचं काय?" मुलांनी अ‍ॅप काढून टाकलं, डबी रेझिनमध्ये बुडवून बंद केली, स्क्रू आतून लावला. किंमत निम्म्याच्या खाली आली. तिसऱ्या भेटीत त्याने थोडे नग घेतले, रोख पैसे देऊन. परीक्षकांनी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा त्या माणसाचे दोन प्रश्न भारी होते.

पण खरी अडचण पुढेच होती, आणि तुमच्या प्रश्नाशी संबंध तिथेच येतो. किरायावाले कूलर माघ-फाल्गुनात काढतात, धुतात, ताट्या बदलतात, पंप तपासतात. होळी झाली की माल घराबाहेर. म्हणजे विकायची वेळ जानेवारी अखेर ते मार्च. त्याच काळात मुलांची इंटर्नल, सबमिशन, प्रोजेक्ट रिव्ह्यू; एप्रिल-मेमध्ये कूलर धडाधड चालतात आणि तेव्हा विद्यापीठाची परीक्षा. कॉलेजचं वेळापत्रक आणि धंद्याचा सीझन एकमेकांच्या छातीवर बसलेले. कोणी पाच लाख दिले असते तरी हा गुंता सुटला नसता. सुटला तो त्यांच्या विभागप्रमुख मॅडममुळे. त्यांनी डबीलाच मेजर प्रोजेक्ट म्हणून मान्यता दिली, रिव्ह्यू डिसेंबरमध्ये ओढून घेतला आणि त्या दोन महिन्यांची हजेरी प्राचार्यांकडून रीतसर माफ करून आणली. त्यासाठी त्यांना नवा नियम काढावा लागला नाही. कागद आधीपासून होता.

तो कागद म्हणजे केंद्र सरकारचं २०१९ चं राष्ट्रीय इनोव्हेशन आणि स्टार्टअप धोरण, उच्च शिक्षणसंस्थांसाठीचं. विद्यार्थ्यांनी ते वाचलेलं मला क्वचित आढळतं, आणि खरं सांगायचं तर अनेक प्राध्यापकांनीही नाही. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की मिनी प्रोजेक्ट, मेजर प्रोजेक्ट, सेमिनार किंवा उन्हाळी प्रशिक्षणाऐवजी विद्यार्थ्याला स्वतःचा स्टार्टअप निवडू द्यावा. त्या कामाला क्रेडिट द्यावेत. हजेरी कमी पडली तरी योग्य परवानगीने परीक्षेला बसू द्यावं. एखादं सेमिस्टर किंवा वर्ष थांबून पुन्हा यायची सोय असावी. कंपनी नोंदवायला परवानगी घेऊन संस्थेचा पत्ता वापरू द्यावा. संस्थेने आपल्या वार्षिक बजेटचा किमान १ टक्का या कामासाठी ठेवावा असंही त्यात आहे.

यातली मेख लक्षात घ्या. हे धोरण मार्गदर्शक आहे, कायदा नाही. प्रत्येक संस्थेने ते स्वीकारून स्वतःचं धोरण करायचं असतं. म्हणून पहिलं काम: तुमच्या कॉलेजने असं धोरण मंजूर केलं आहे का ते शोधा. बहुधा वेबसाइटच्या एखाद्या कोपऱ्यात पीडीएफ असते, कारण मूल्यांकनाच्या वेळी ती दाखवावी लागते. ती छापून घ्या, तुमच्या उपयोगाच्या कलमांवर खूण करा आणि अर्जात कलमाचा उल्लेख करून मागणी लिहा. "सर, आम्हाला सपोर्ट करा" म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मान डोलावून पाठवता येतं. कलम दाखवून "१ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर, दर बुधवारी आणि शनिवारी दुपारनंतर" असं मागणाऱ्याला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं.

तुमच्या बाबतीत तारखा मी उगाच सांगितल्या नाहीत. संत्र्याचा अंबिया बहार साधारण ऑक्टोबरपासून डिसेंबर अखेरपर्यंत निघतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. तुमची हिवाळी परीक्षा पहिल्यावर येऊन आदळते, उन्हाळी सबमिशनं दुसऱ्यावर. कच्चा माल असेल तेव्हा तुम्ही परीक्षागृहात, आणि तुम्ही मोकळ्या व्हाल तेव्हा साल नाही, असं हे त्रांगडं आहे. ते आत्ताच कॉलेजशी बोलून सोडवा.

सालीबद्दलही एक शंका. आपण म्हणतो नागपूर म्हणजे संत्री, साल काय, ढिगाने मिळेल. पण नागपुरी संत्रा हातानेच सोलून खायचं फळ आहे. त्याची साल घराघरांतल्या कचऱ्यात विखुरते. ज्यूस सेंटरवरच्या ढिगात मोसंबीचीच साल जास्त भरते आणि तिला लवकर बुरशी धरते. संत्रा बर्फीसाठी गर काढणारे, रस काढणारे छोटे-मोठे कारखाने, वरुड-काटोलकडची प्रक्रिया केंद्रं, इथे साल एका जागी सापडेल. महिन्याला किती किलो, किती तासांत, ओली की सुकी, आणि आज ती कुठे जाते? जिला कोणी विचारत नाही ती साल तुम्ही विचारल्याबरोबर तिचा भाव लागतो, हेही धरून चला. रेसिपी सुधारण्याआधी या प्रश्नांची उत्तरं वहीत असू द्या.

आणि इथेच कॉलेजच्या प्रयोगशाळेचं मोल आहे. सालीच्या तेलात मुख्यतः लिमोनीन असतं. ते साधारण ४८ अंशांच्या आसपास पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या शेडमध्ये त्याहून जास्त. मैत्रिणीच्या घरच्या गच्चीवर कॅन भरून ठेवायचा बेत असेल तर तो आजच रद्द करा. हे काम कोणाच्या तरी देखरेखीखाली, फ्यूम हूड (वाफ बाहेर ओढणारं कपाट) असलेल्या लॅबमध्ये व्हायला हवं. अमरावती रोडवर एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) आहे, १९४२ ची संस्था, २०२३ पासून लक्ष्मीनारायण इनोव्हेशन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी म्हणून स्वतंत्र विद्यापीठ. तेल आणि सर्फॅक्टंट (साबणासारखी मळ काढणारी रसायनं) हा तिथला जुना विषय, म्हणजे नेमका तुमचा. त्याच रस्त्यावर पुढे आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. तुमच्या प्राध्यापकाच्या सहीचं पत्र घेऊन गेलात तर या जागी दारं उघडतात. एकट्या गेलात तर गेटवरच्या रजिस्टरपाशी अडकाल. कॉलेजच्या लेटरहेडची खरी किंमत ती आहे, आणि पुष्कळ मुलं ते फक्त स्पॉन्सरशिप मागायला वापरतात.

पेटंटचं भूत डोक्यातून काढा. साल-तेलाचे क्लीनर बाजारात आधीपासून आहेत. तुमच्या लिक्विडमध्ये खरोखर नवीन काही नसेल तर पेटंट मिळणार नाही. कॉलेज मात्र अर्ज करायला उत्साहाने सांगेल, कारण मूल्यांकनात आकडा दिसतो. 'पेटंट पब्लिश झालं' म्हणून हारतुरे होतात, तेव्हा समजून घ्या: अर्ज केला की १८ महिन्यांनी तो आपोआप प्रसिद्ध होतो, पेटंट मिळणं ही वेगळी गोष्ट. तुम्हाला आत्ता हवा आहे तो ट्रेडमार्क. वैयक्तिक किंवा स्टार्टअप म्हणून ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये सरकारी फी आहे. उद्या तेल काढायची एखादी खरोखर नवी पद्धत सापडली, तर मात्र कोणत्याही स्पर्धेत ती दाखवण्याआधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करून घ्या. व्यक्तीसाठी ऑनलाइन फी १,६०० रुपये, आणि पूर्ण अर्ज करायला १२ महिने मिळतात. आधी स्टेजवर सगळं सांगून मग पेटंटला धावणारी मुलं मी नेहमी पाहतो. जाहीर झालेली गोष्ट कायद्याच्या दृष्टीने नवी राहत नाही.

मालकी कोणाची, हा प्रश्न मात्र पहिल्याच दिवशी लेखी सोडवायचा. त्याच २०१९ च्या धोरणाप्रमाणे संस्थेची साधनं किंवा पैसा मोठ्या प्रमाणावर वापरून, किंवा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तयार झालेली बौद्धिक संपदा संशोधक आणि संस्था यांची संयुक्त. संस्थेची साधनं न वापरता, अभ्यासक्रमाबाहेर केलेलं काम पूर्ण तुमचं. म्हणजे मेजर प्रोजेक्ट म्हणून क्रेडिट घेतलेत की कॉलेजचा हात त्यात आला. मी तरी हा सौदा घ्या असंच म्हणेन, तुमच्या धंद्यात फॉर्म्युल्यापेक्षा साल गोळा करणं आणि विकणं यातच दम आहे. इन्क्युबेशन सेंटर जागा, लॅब, मार्गदर्शन देऊन कंपनीत हिस्सा मागतं, तेव्हाही घाबरू नका. धोरणात २ ते ९.५ टक्के अशी चौकट सुचवलेली आहे. त्या टक्क्यांच्या बदल्यात काय मिळतं ते विचारा. एका टेबलासाठी आणि वायफायसाठी ५ टक्के मागणारी सेंटरंही मी पाहिली आहेत. चाचणीचं यंत्र, वकील-सीए, पहिल्या दोन गिऱ्हाइकांची ओळख हे देणार असतील तर ५ टक्के स्वस्त आहेत.

कंपनी नोंदवायची घाई करू नका. हे मी प्रत्येक गटाला सांगतो आणि प्रत्येक तिसरा गट तरीही प्रायव्हेट लिमिटेड काढून येतो, कारण कार्डावर 'को-फाउंडर अँड सीईओ' छापता येतं. एक रुपयाची विक्री नसली तरी ऑडिट, वार्षिक विवरणपत्रं चुकत नाहीत. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये दंड चढत जातो. दुसरं असं की केंद्राच्या २०२१ च्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत, जिच्यात प्रोटोटाइप आणि ट्रायलसाठी २० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद होती, अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी असून चालत नव्हतं. दुसऱ्या वर्षाला हौसेने काढलेली कंपनी पास होईपर्यंत म्हातारी झालेली असते. चाचणीपुरती विक्री करायला उद्यम नोंदणी पुरे, ती फुकट आहे. मैत्रिणीसोबतचा करार मात्र आजच एका कागदावर करा: कोणाचा किती हिस्सा, किती काळ काम केल्यावर तो पक्का होणार, आणि एकीला नोकरी लागली तर काय. दोघींचं पटतंय तोवरच हा कागद होतो.

पैशाबद्दल माझं मत थोडं कडू आहे. तुमचा धंदा चांगला आहे, पण तो स्टार्टअपवाल्यांच्या भाषेत 'स्केलेबल', म्हणजे झपाट्याने कितीही वाढणारा, म्हणून रंगवायच्या भानगडीत पडू नका. तो लघुउद्योग आहे आणि त्यात कमीपणा काही नाही; बुटीबोरी-हिंगणा त्यावरच उभं आहे. नमुना यंत्र बनवायचं असेल तर केंद्राच्या निधी-प्रयास योजनेत १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, तीही कंपनी नसताना, व्यक्ती म्हणून. पण ती फक्त मान्यताप्राप्त प्रयास केंद्रांमार्फत, आणि नवेपणा दाखवावा लागतो. तुम्हाला जास्त जवळचा रस्ता म्हणजे जिल्हा उद्योग केंद्र. राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात, जो २०१९ पासून आहे, प्रकल्प खर्चावर प्रवर्ग आणि शहरी-ग्रामीण भागानुसार १५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं, बाकी थोडे स्वतःचे पैसे आणि बँकेचं कर्ज. कॉलेजच्या स्टार्टअप सेलमध्ये या योजनेचं नाव सहसा निघत नाही, कारण त्यात स्टेज नाही आणि पिचिंग नाही. बँकेचा मॅनेजर विचारेल ते साधं असेल: ऑर्डर कुठे आहे?

नागपुरात दारं भरपूर आहेत, फक्त कोणतं दार कशासाठी ते ओळखा. राज्याच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्येक विद्यापीठात नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य मंडळ आलं. नागपूर विद्यापीठातही ते आहे, संलग्न कॉलेजच्या विद्यार्थ्याला तिथे हक्काने जाता येतं. मिहानमधल्या आयआयएमचं इनफेड हे उद्योजकता केंद्र किंमत, वितरण, आर्थिक गणित यासाठी. रामदेवबाबा आणि रायसोनी या शिक्षणसंस्थांत टेक्नॉलॉजी बिझनेस इन्क्युबेटर आहेत. व्हीएनआयटीच्या ई-सेलचा कन्सोर्टियम महोत्सव ओळखी करायला बरा. सिव्हिल लाइन्समध्ये उद्योग भवनात विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन आहे, तिथे केस पांढरे झालेले कारखानदार भेटतात. त्यातला एखादा तुम्हाला तासभर झापेल, मग स्वतःच्या कॅन्टीनसाठी पाच कॅन मागवेल. स्पर्धांना वर्षातून एक-दोनदा जा, बोलायची भीड चेपते. त्याहून जास्त नको. स्पर्धेत जिंकायची सवय लागली की मुलं परीक्षकाला आवडेल असा माल बनवायला लागतात.

तुमचा परीक्षक म्हणजे मंगल कार्यालयाचा मॅनेजर, हॉस्पिटलची हाउसकीपिंग सुपरवायझर, मोठ्या सोसायटीतली सफाई करणारी मावशी. त्यांना पाच-पाच लिटर द्या, फुकट नाही, निदान खर्चाएवढे पैसे घेऊन. पंधरा दिवसांनी जा आणि कॅन किती रिकामा झाला ते स्वतः बघा. "वास छान आहे" या वाक्याला काही किंमत देऊ नका, ते सगळेच म्हणतात. मावशी नेहमीचं फिनाइल सोडून तुमचं वापरते का, फरशी चिकट होते का, बादलीला किती झाकणं लागतात, हे विचारा. हीच पानं मेजर प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये लावा. बाहेरून आलेला परीक्षक अशा वहीपुढे सहसा वाकड्यात शिरत नाही.

राहिली प्लेसमेंट. घरच्यांशी भांडू नका, बसा. चौथ्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत मुलाखती होतात, ऑफर हातात येते आणि प्रत्यक्ष जॉइनिंग बहुधा पुढच्या पावसाळ्यात किंवा त्यानंतर. काही आयआयटींमध्ये उद्योग करणाऱ्या विद्यार्थ्याला प्लेसमेंटचा हक्क एक-दोन वर्षं पुढे ढकलता येतो. तुमच्या प्लेसमेंट अधिकारी (टीपीओ) सरांना हे सांगून बघा, नाही म्हणाले तर बिघडत काही नाही. दरम्यान तुमच्या हातात या वर्षीचा अंबिया, मृग आणि पुढच्या वर्षीचे तेच दोन, असे चार बहार आहेत. घरच्यांशी ठरवून टाका: चौथा बहार संपेपर्यंत किती गिऱ्हाइकांनी, आपण फोन न करता, स्वतःहून दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा माल मागवला. तो आकडा किती असला की नोकरी नाकारायची, ते आईबाबांनाच ठरवू द्या आणि फ्रिजवर चिकटवून ठेवा. कॉलेजकडचा अर्ज मात्र त्याआधी, याच आठवड्यात, कलमं लिहून.